न पाहिलेल्याचा लळा

मिरजेबाहेर मालगावच्या वाटेवर डॉ. नसीम मुजावरांचं अंगण होतं. शेखर नलवडे तिथे कुत्र्याच्या पिल्लाचं गिऱ्हाईक म्हणून गेला आणि चहा यायच्या आत त्याच्या ध्यानात आलं की इथे आपलीच बघणी चालली आहे.

"घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"सकाळी फिरायला कोण नेणार?"

"नेऊ की कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोणीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारवान कुत्र्याची जात आहे. पळायला जन्मलेली. दोन खोल्यांत कोंडलं तर सोफा खाईल, आणि मग तुम्ही मला फोन कराल."

शेखरचं कराडात भांड्यांचं दुकान. तीस वर्षं गल्ल्यावर बसून त्याने एक गोष्ट पक्की केली होती: विकणारा जास्त बोलला की भांड्याला कुठेतरी पोचा असतो. पण ही बाई बोलत होती ती पोचे दाखवायलाच. ही पिल्लांची आई, ही हात लावून बघा. हे तिच्या खुब्याचे एक्स-रे, हे बापाच्या डोळ्यांचे दाखले. एका वर्षी एकच वीण, आणि पुढच्या वर्षी विश्रांती. या विणीतलं एक पिल्लू हृदयाला कच्चं निघालं, ते विकायचं नाही, ते माझ्याकडेच राहील. घासाघीस कुठून सुरू करावी ते शेखरला समजेना. कमीपणा आधीच सांगून टाकणाऱ्याशी घासाघीस करायची तरी कशी?

"आणि नकोसं झालं तर विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. मला आणून द्यायचं. हे आधी लिहून घेते मी, पिल्लू नंतर."

"नकोसं कशाला होईल?"

"कुत्र्यांना माणसं नकोशी होत नाहीत, नलवडे. उलटं होतं." मग त्या शेखरच्या बायकोकडे, वृषालीकडे वळल्या. आल्यापासून ती त्या लांब तोंडाच्या, बारीक कमरेच्या कुत्रीकडे बघत बसली होती. "तुम्हाला कुत्रा कशाला हवाय, ताई?"

उत्तर शेखरनेच दिलं. बायकोची उत्तरं देऊन टाकायची सवय त्याला वर्षभरात लागली होती. "मुलगा गेला आमचा. ऋतुराज. चोवीस वर्षांचा. गेल्या साली महामार्गावर... तेव्हापासून घर खायला उठतं."

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खायला उठलेल्या घरात मी पिल्लू सोडत नाही. वाईट वाटून घेऊ नका. दर रविवारी येत चला, इथे बसा, यांच्याशी खेळा. दिवाळीनंतर बघू."

"त्यापेक्षा लळा करूनच द्या की," शेखर म्हणाला. "जो काही जादा होईल तो देतो."

लळा ही काही जुनी चीज नव्हती, पण एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाली होती. कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, नाक मात्र चालू असतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण नवव्यापर्यंत त्याच्या मेंदूत एक दार उघडं राहतं. त्या काळात दुधाबरोबर, उबेबरोबर जो वास येईल, तो 'आपला' म्हणून कोरला जातो. पुढे ते दार लागतं. प्रत्येक माणसाच्या कातडीचा वास बोटांच्या ठशांइतका वेगळा असतो, हेही जुनंच ज्ञान. नवी होती ती फक्त गंधपेटी. माणसाने अंगावर वापरलेला कपडा पेटीच्या कप्प्यात ठेवायचा. त्यातून गरम हवा खेळवून तो वास विणीच्या जागेत सोडायचा. आणि बाळंतिणीच्या अंगात माया दाटते तेव्हा जे ऑक्सिटोसिन वाहतं, त्याचा बारीक फवारा त्याच वेळी पिल्लाच्या नाकात मारायचा. सहा आठवड्यांत पिल्लू न भेटलेल्या माणसाला जन्माचं ओळखू लागतं. अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी ही युक्ती निघाली. मग बाजाराने तिचं बारसं केलं, आणि वाढदिवसाच्या भेटी म्हणून लळ्याची पिल्लं जाऊ लागली.

"अंधांसाठी मी करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ज्याचा कपडा, तो माणूस मी आधी समोर बसवून घेते."

"माणूस लागतोच का?" वृषालीने विचारलं. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कपडा पुरतो. म्हणूनच माणूस बघावा लागतो."

परतीच्या वाटेवर शेखर गाडीत करवादत होता. "गिऱ्हाईकाला हाकलून देणारं दुकान चालतं कसं, मला सांग." वृषाली खिडकीबाहेर बघत होती. तिने तो प्रश्न ऐकलाच नव्हता.

पंधरवड्यात ती दोघं पुण्याजवळच्या 'जिव्हाळा केनेल्स'मध्ये बसली होती. इथे सगळं थंड होतं: हवा, कॉफी आणि काउंटरवरच्या मुलीचा आवाज. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मिरजेहून थोडं शिकून आलेल्या शेखरनेच विचारलं, "आईला बघता येईल का पिल्लांच्या?"

"सर, ती बाळंतीण आहे ना, इन्फेक्शनचा प्रश्न असतो. व्हिडिओ दाखवते."

व्हिडिओत एक देखणी कारवान कुत्री हिरव्यागार लॉनवर बागडत होती. लॉन बाहेर कुठेही नव्हतं. हे शेखरने पाहिलं. ज्या कुकरचं बूड दाखवलं नाही तो कुकर त्याने घाऊक व्यापाऱ्याच्या अंगावर फेकला असता. पण त्या थंड खोलीत कोणी 'मुलगा कसा गेला' म्हणून विचारत नव्हतं, आणि त्या न विचारण्याची किंमत त्याला फार वाटली नाही. त्याने सही केली.

"मालकाने दोन दिवस अंगावर घातलेला, न धुतलेला कपडा," त्या मुलीने एक पिशवी दिली. "परफ्यूम नको. कुरिअर केलात तरी चालेल."

"तुझाच दे," शेखर घरी आल्यावर वृषालीला म्हणाला. "गाऊन दे एखादा. दिवसभर तुझ्या मागेमागे फिरलं पाहिजे पोर." हे तो अगदी मनापासून म्हणाला. वर्षभर ती दुकानात आली नव्हती, शेजारच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. तिला कोणीतरी ओढून खाली आणायला हवं होतं आणि ते आपल्याच्याने होत नाही, हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं. नवऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम सहसा धरलेली नसते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर वृषालीने कपाट उघडलं.

तेराव्यानंतर ऋतुराजचे कपडे देऊन टाकले होते. दोन तिने लपवले. एक करडा टी-शर्ट आणि एक चौकड्यांचा शर्ट, शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा खुर्चीवर फेकून गेलेले. दोन वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत, साड्यांच्या खाली.

ती काय करते आहे ते तिला नीट ठाऊक होतं. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला होता. भावकीतले म्हणाले, सुटला पोरगा, काही इच्छा राहिली नाही त्याची. सगळ्यांना बरं वाटलं, आणि जेवणंही वेळेवर झाली. वृषालीला मात्र तो कावळा अजून सलत होता. चोवीस वर्षांच्या मुलाची एकही इच्छा राहू नये? आईसाठी त्याने घटकाभरही अडू नये? तो गेला, लोक आपापल्या घरी गेले, शेखरसुद्धा दुकानात गेला. त्याची वाट बघणारं आता एकट्या तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि एकटीने वाट बघणाऱ्या बाईला जग वेडी म्हणतं. दोघं असली तर ते घर म्हणतात.

तिने चौकड्यांचा शर्ट पिशवीत घातला आणि कुरिअरवाल्याला दिला.

पिल्लू आलं ते पावसाळा संपता संपता. मऊ सोनेरी अंग, हडकुळे पाय. शेखरने त्याचं नाव बाजी ठेवलं. उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर ते नखशिखान्त थरथरलं. वृषालीने पुढे केलेल्या हाताखालून निसटून, पडत धडपडत जिना चढून, ऋतुराजच्या बंद दारावर पंजे मारू लागलं. तिने दार उघडलं. बाजी उशीकडे गेला, खुर्चीकडे गेला. मग त्याने पलंगाखालच्या जुन्या बुटात डोकं खुपसलं आणि आनंदाने तिथेच मुतला.

वृषाली जमिनीवर बसली आणि हसली. खाली शेखरने ते हसणं ऐकलं, आणि व्यवहार चोख झाला असं मनाशी म्हणून तो पंखा लावून आडवा झाला.

पुढचे काही आठवडे त्या घरात सुखाचे गेले. बाजी तिच्या मागे फिरेना, तीच बाजीच्या मागे फिरू लागली. तो जिथे थांबून शेपूट हलवी तिथे ऋतुराज कधीतरी टेकलेला असे. एकदा तो माळ्याखालच्या अडगळीत शिरून भुंकू लागला. तिने ट्रंक ओढली तर मागे एक टोपी आणि सिगारेटचा लायटर पडलेला. मुलगा सिगारेट ओढत होता ही बातमी तिला तो गेल्यावर सव्वा वर्षाने कुत्र्याने दिली. तिला राग आला. मुलाचा राग येतो आहे याचा तिला इतका आनंद झाला की ती त्या टोपीला दिवसभर रागावत होती.

"हा तुझ्याजवळ का बसत नाही गं?" शेखर विचारी. "पैसे तुझ्या नावाने भरलेत."

"बसतो की."

बसत नव्हता. जवळ यायचा. आईच्या अंगात मुलाचा अर्धा वास असतोच. तो तिच्या मानेशी नाक लावी, शेपूट उभं राही, आणि मग तो तिच्या खांद्यामागे बघू लागे. उरलेला अर्धा कुठे आहे म्हणून.

एका दुपारी 'जिव्हाळा'कडून दुकानात पार्सल आलं. आभाराचं कार्ड, बिस्किटांचा नमुना आणि वापरून झालेला कपडा साभार परत. शेखरने गल्ल्यावरच फोडलं. आत ऋतुराजचा चौकड्यांचा शर्ट होता. फिनेलचा आणि दुधाचा वास येत होता त्याला, बाकी कसलाच नाही. समोर एक बाई पातेल्याचा भाव विचारत होती. शेखरने तिला निम्म्या भावात पातेलं दिलं आणि शटर ओढलं.

घरी येऊन त्याने शर्ट वृषालीसमोर ठेवला. "हा तुझा गाऊन काय?"

तिने शर्ट उचलून मांडीवर घेतला.

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"नाहीच म्हणालो असतो." तो पायरीवर बसला. "मला काय त्याची आठवण येत नाही असं वाटतं तुला? येते. फक्त मी त्याची वाट बघत नाही, वृषाली. तो येणार नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. "घरात वाट बघणारं आणखी कोणीतरी हवं होतं मला."

वर बाजी दाराशी कण्हत होता. आजकाल तो जास्त कण्हायचा. कारण घरातला वास आता संपत चालला होता. बाजीने उशी हुंगून हुंगून संपवली, बूट चाटून संपवला. ओळखीच्या जागा रोज एकेक करून मुक्या होऊ लागल्या. तो फाटकाशी जाऊन बसू लागला. रस्त्यावरून तरुण पोरगा गाडीवरून गेला की उठायचा, वारा हुंगायचा आणि पुन्हा बसायचा. मग त्याने खाणं सोडलं. कारवान मुळातच शिडशिडीत, पण आता त्याच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. वृषालीने कपाटातला करडा टी-शर्ट काढून ताटलीशेजारी ठेवला. त्या दिवशी बाजी शेपूट आपटत पोटभर जेवला, आणि मग संध्याकाळपर्यंत घरभर धावत राहिला, आत्ताच कोणीतरी आलंय अशा थाटात. नंतर ती युक्तीही पातळ होत गेली. दर खेपेला टी-शर्ट जास्त वेळ बाहेर ठेवावा लागे आणि बाजी कमी खाई.

शेखरने 'जिव्हाळा'ला फोन लावला.

"कपडा तुम्हीच दिला होता सर," पलीकडून आवाज आला. "तरी गुडविल म्हणून रिप्लेसमेंट देऊ. हा पीस परत पाठवा."

"त्याचं काय करता मग?"

"त्याची व्यवस्था होते सर."

शेखरने फोन ठेवला. पहिल्यांदाच दुसऱ्याने फुकट देऊ केलेली वस्तू त्याने नाकारली.

मग ती दोघं पुन्हा मिरजेला गेली. जाताना गाडीत कोणी करवादलं नाही. बाजी मागच्या सीटवर चादरीत होता.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला तपासलं, सलाईन लावलं. मग माणसांकडे पाहिलं. "कोणाचा कपडा दिलात?"

वृषालीने सांगितलं. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. तेवढं तरी करायला हवं होतं, असं वृषालीला नंतर कितीदा तरी वाटलं.

"दुसऱ्याचा लळा आता लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "दार लागलं. पण जुना झिजतो, त्याला खतपाणी मिळालं नाही तर. तुम्ही टी-शर्ट पुढे करता ना, तेव्हा त्याला जेवण देत नाही तुम्ही. तो आला होता, थोडक्यात चुकामूक झाली, असं सांगता. रोज. कोण खाईल हो अशाने?"

"मग काय करायचं?" शेखर म्हणाला.

"खोली उघडी टाका. गाद्या काढा, भिंती रंगवा. कपडे धुवा. सगळे."

"धुवायलाच हवेत?" शेखर घाईने म्हणाला. दर ठरवताना बोलायचा तसा. "एकच टी-शर्ट आहे. मी दुकानातल्या तिजोरीत ठेवतो. नाहीतर हिच्या बहिणीकडे इस्लामपूरला. कुत्र्याला कसं कळणार?"

"कुत्र्याला नाही." डॉक्टरीणबाई वृषालीकडे वळल्या. "ताई, तो टी-शर्ट तिजोरीत आहे असं समजा. तुम्ही तो बघायला जाणार नाही, हातात घेणार नाही, तोंडाशी धरणार नाही, आणि त्याच हातांनी घरी येऊन याला जेवू घालणार नाही. एवढं मला सांगा. मी तुमच्या शब्दावर याला आत्ता घरी पाठवते."

वृषालीने तोंड उघडलं. बाजीच्या पायातल्या सुईकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत होतं, एकदा बोललीही होती. या वेळी जमलं नाही.

"मग याला तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली.

"ठेवला असता. तुमच्याकडून लिहून घेतलेलं नसतानाही ठेवला असता. पण इतक्या अशक्तपणात तिसरं घर त्याला झेपणार नाही. तुमचं घर तेवढं त्याच्या ओळखीचं आहे. खोटी का असेना, ओळख आहे." त्यांनी सलाईनची नळी सारखी केली. "मी तुम्हाला थांबा म्हणाले होते."

"हो," वृषाली म्हणाली.

ठरवायला फारसं काही नव्हतं, तरी तिला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत बाजीने चमच्याने पेज घेतली, तीही निम्मी सांडली. चौथ्या सकाळी त्याला उठता येईना. शेखरने त्याला उचलून छातीशी धरलं. "मी याला घाटावर वारा खायला नेतो," तो म्हणाला, आणि बायकोकडे न बघता बाहेर पडला.

वृषालीने मोरीत बादली भरली. साबण घातला. मग पिशवीची झिप उघडून टी-शर्ट तोंडावर धरला आणि श्वास घेतला.

प्लॅस्टिकचा वास आला. कपाटाचा, थोडा कुत्र्याच्या लाळेचा. तिने तो उलटा केला, काखेपाशी, गळ्यापाशी नाक दाबून धरलं. कधीपासून काहीच येत नव्हतं? महिनाभर? सहा महिने? शेवटच्या खेपेला आला होता तो वास होता की आठवण होती? हा टी-शर्ट तिच्यासाठी केव्हाच धुतला गेला होता. आत अजून जे होतं ते फक्त बाजीला दिसत होतं. म्हणजे मुलाचं उरलेलं शेवटचं ती आता बुडवणार होती, आणि ते काय होतं हेही तिला कळणार नव्हतं.

तिने टी-शर्ट पाण्यात सोडला. तो आधी तरंगला, मग बुडाला. तिने चोळला, पिळला, पुन्हा चोळला. लहानपणी त्याच्या शाळेच्या शर्टाची कॉलर घासायची तशी कॉलर घासायला गेली. या टी-शर्टला कॉलर नव्हती.

खोली उघडी टाकली. शेखरने स्वतः चुना लावला, माणूस न बोलावता, आणि भिंतीवर ओघळ आणले. बाजी दोन दिवस घरभर शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दाराशी बसून तो रडला, कुत्री रडतात तसं, मान वर करून. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग एकदा त्याने शेखरच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतला. मग दूध. मिरजेहून फोन येत राहिला: पाणी पितो का, उठतो का, फाटकाशी किती वेळ बसतो.

बसायचं कमी झालं. महिन्याभराने एक दिवस ऋतुराजचा पुण्याचा मित्र भेटायला आला, तशीच उंची, तशीच गाडी. बाजी त्याच्यावर भुंकला, कुठल्याही परक्यावर भुंकावं तसा. आणि पुन्हा उन्हात जाऊन पसरला.

त्या संध्याकाळी त्याने ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. शेखर ती उचलून स्वयंपाकघरात आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा होता. "सगळं खाल्लं गं. डॉक्टरीणबाईंना सांगतो आत्ता. म्हणावं, विसरला एकदाचा."

वृषाली ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

"अहो," ती म्हणाली, "त्याला कसं हो जमलं?"

शेखरने नळ सोडला आणि तो रिकामी ताटली विसळायला लागला, नीट, दोन्ही बाजूंनी. विसळून झाल्यावरही त्याने नळ बंद केला नाही.